५०० ग्रॅम स्ट्रॉबेरी म्हणजे नक्की किती कप? (जॅमचा दगड झालाय)

अर्धाकप | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज जॅमने लिहितं केलं.

कृती साधी होती. ५०० ग्रॅम स्ट्रॉबेरी, ५०० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, मध्यम आचेवर २० मिनिटं. घरात वजनकाटा नाही. साखरेची अडचण नव्हती, अर्धा किलोचा पुडा फोडला आणि ओतला. स्ट्रॉबेरी मात्र एका मोठ्या खोक्यातून काढून घ्यायची होती. म्हणून ग्रॅमचे कप करून देणारं एक पान नेटवर उघडलं, ५०० टाकले, उत्तर आलं २.११ कप. मी दोन कप चांगली शीग लावून घेतले, म्हटलं वरचे ते ०.११ शिगेत आलेच.

२० मिनिटांनी जे तयार झालं त्याला जॅम म्हणवत नाही. गार झाल्यावर चमचा उभा राहिला आणि उपसायला गेले तर चमच्याबरोबर बरणी उचलली गेली. चव म्हणाल तर साखर, आणि मागून जरा लिंबू.

तर प्रश्न असा, की फळाचं वजन कपात कसं बदलायचं? ज्याने गुणलं की काम झालं असा एखादा आकडा आहे का?

तागडी | शनिवार, रात्री ९.५२

आहे ना. वजनकाटा घ्या. धागा बंद करा.

(हलके घ्या.)

अंदाजपंचे | शनिवार, रात्री १०.०५

जॅमला कसलं मोजमाप? फळं पातेल्यात घाला, साखर फळांच्या निम्म्या उंचीपर्यंत दिसली की बास. मी आयुष्यात काही मोजलेलं नाही.

तागडी | शनिवार, रात्री १०.०७

ते तुमच्या केकच्या फोटोंवरून कळतंच.

शीगभर | शनिवार, रात्री १०.३१

तागडीकाका, तिने विचारलंय काय नि तुम्ही सांगताय काय!

अर्धाकप, गोची त्या पानावरच झाली आहे. ५०० ला २३७ ने भागून बघ, बरोबर २.११ येतात. अमेरिकन कप साधारण २३७ मिलीलिटरचा असतो आणि एक मिली पाण्याचं वजन एक ग्रॅम. म्हणजे त्या पानाने तुला ५०० ग्रॅम पाण्याचे कप काढून दिले. तू काय मोजते आहेस हे त्याने विचारलंच नाही. दूध, रस यांना हे चालून जातं, थोडा फरक पडतो इतकंच. फळांना नाही चालत, कारण कपात फळांच्या मधे हवा असते. हवेचं वजन नगण्य, पण जागा ती अडवते.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा जो मोठा पोषण-तक्ता आहे त्यात एक कप अख्ख्या स्ट्रॉबेरीचं वजन १४४ ग्रॅम दिलं आहे. म्हणजे ५०० ग्रॅमला जवळजवळ साडेतीन कप. तू घेतलेस दोन आणि वर शीग.

आणि आता खरी मेख. तीच स्ट्रॉबेरी अर्धी कापून कप भरलास तर १५२ ग्रॅम बसते, काप केलेस तर १६६, आणि मिक्सरमधून काढलीस तर २३२. कप तोच आणि फळही तेच, तरी वजन १४४ पासून २३२ पर्यंत कुठेही. तेव्हा ‘स्ट्रॉबेरीचा आकडा काय’ असं विचारून भागत नाही, ‘कशा चिरलेल्या स्ट्रॉबेरीचा’ हेही विचारावं लागतं.

अर्धाकप | शनिवार, रात्री १०.४४

बापरे. म्हणजे गर करून घेतला असता तर २.११ जवळजवळ बरोबर होतं?

शीगभर | शनिवार, रात्री १०.४६

हो. चुकून बरोबर.

रिकामी_जागा | शनिवार, रात्री ११.२०

माझ्या नावाचा धागा निघाला आणि मलाच पत्ता नाही!

आकडे पाठ करायला मला जमत नाही, म्हणून मी हे वेगळ्या अंगाने लक्षात ठेवतो. गोल वस्तू एखाद्या भांड्यात नुसत्या ओतल्या की त्या भांड्याची साधारण ६० ते ६४ टक्के जागा भरतात, बाकी फटी. गोळे मोठे की बारीक याने हा हिशोब बदलत नाही, फक्त भांडं गोळ्यांच्या मानाने पुरेसं मोठं हवं. बहुतेक रसाळ फळांची घनता पाण्याच्या जवळपास असते. दोन्ही एकत्र केलं की अख्ख्या गोलसर फळांचा कप पाण्याच्या कपाच्या सहा दशांश वजनाचा भरला पाहिजे.

पडताळून बघा. त्याच तक्त्यात ब्लूबेरीचा कप १४८ ग्रॅम, म्हणजे २३७ च्या ०.६२ पट. द्राक्षांचा १५१, म्हणजे ०.६४. स्ट्रॉबेरीचा १४४, म्हणजे ०.६१. स्वयंपाकघरातल्या आकड्यांतून भूमिती इतकी स्वच्छ बाहेर येताना मी फार कमी वेळा पाहिली आहे.

म्हणून माझी तीन खुंट्यांची पद्धत : अख्खं गोल फळ ०.६, रसाळ फळाच्या फोडी ०.७, गर किंवा रस १. कपाच्या मिलीलिटरला यातल्या एकाने गुणा, ग्रॅम मिळतात. आंब्याच्या आणि अननसाच्या फोडी दोन्ही १६५ ग्रॅम आहेत, म्हणजे बरोबर ०.७ च्या खुंटीवर. कुस्करलेलं केळं २२५, साधा सफरचंदाचा गर २४४, संत्र्याचा रस २४८. हे सगळे १ च्या आगेमागे.

अवांतर : एकसारखे गोळे हाताने रचून लावले तर जास्तीत जास्त ७४ टक्के जागा भरते, असं केप्लरने १६११ साली लिहून ठेवलं होतं. याहून दाट रचना नाहीच, हे सिद्ध व्हायला १९९८ उजाडावं लागलं. थॉमस हेल्सने ते संगणकाच्या मदतीने केलं. फळांचा ढीग एकावर एक रचणाऱ्याला हे हाताने आधीपासून माहीत असतं, ते सोडा.

वाचनमात्र | शनिवार, रात्री ११.२८

वाचनखूण साठवली. तीन खुंट्या आवडल्या.

शीगभर | रविवार, सकाळी ७.५०

खुंट्या झकास आहेत, पण तिन्हींवर न टांगता येणारी फळंही सांगून ठेवते, नाहीतर कुणीतरी फसेल.

पहिलं सफरचंद. चिरलेल्या सफरचंदाचा कप १२५ ग्रॅम, पातळ कापांचा तर १०९ च. म्हणजे ०.७ नाही, अर्ध्याच्या आसपास. एक तर सफरचंदाच्या आतच जवळपास पाव भाग हवा असते, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. दुसरं, त्याच्या फोडी कडक असतात, एकमेकींवर आडव्यातिडव्या अडून बसतात. आंब्याची फोड जशी खालच्या फोडीवर सैलावते तशी ही सैलावत नाही.

दुसरी रासबेरी, १२३ ग्रॅम. आतून पोकळ, टोपीसारखी. तिसरी क्रॅनबेरी, अख्खी फक्त १०० ग्रॅम. तिच्या पोटात हवेचे चार कप्पे असतात.

थोडक्यात, फळ हातात घेऊन बघायचं. पोकळ किंवा कडक असेल तर खुंटी खाली सरकवायची.

पिकलंकेळं | रविवार, सकाळी ८.१५

घुसखोरीबद्दल क्षमस्व, पण माझाही प्रश्न इथलाच आहे. केळ्याच्या ब्रेडच्या कृतीत ‘३ मध्यम केळी’ लिहिलंय. माझी केळी बारकी आहेत. मध्यम म्हणजे केवढं?

शीगभर | रविवार, सकाळी ८.३२

सोललेलं ११८ ग्रॅमचं केळं मध्यम धरतात. तीन म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या जरा वर, कुस्करून दीड कप. तू केळी मोजूच नकोस, कुस्करून दीड कप होईपर्यंत सोलत राहा. पाच लागली तर पाच.

फक्त कुस्करून मोज, चकत्या करून नाही. चकत्यांचा कप १५० ग्रॅमचा आणि कुस्करलेला २२५ चा. दीड कप चकत्या घालून ब्रेड कोरडा झाला म्हणून माझ्याकडे येणाऱ्या एक बाई होत्या, तिसऱ्या वेळी कळलं की त्या मोजून मग कुस्करायच्या.

तागडी | रविवार, सकाळी ९.०५

आता साल काढतोच आहोत तर हेही लिहितो. कृतीतलं वजन सालीसकट की सालीशिवाय, हे न बघता काटासुद्धा उपयोगाचा नाही. केळ्याच्या वजनातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग साल असते. अननसाचं तर साल, शेंडा आणि मधला दांडा गेला की जेमतेम निम्मं उरतं. ‘१ किलो अननस’ वाचून कुणी एक किलो फोडी घातल्या तर त्याने दुप्पट घातलं. स्ट्रॉबेरीचे देठ काढले की पाच-सहा टक्केच जातात, ते चालून जातं. आंब्याला मात्र साल आणि कोय मिळून ३० टक्क्यांच्या आसपास सोडून द्यावे लागतात.

विकत घेण्याच्या यादीतलं वजन सालीसकट असतं, कृतीच्या ओळीतलं बहुधा साफ केलेल्या फळाचं. लिहिणाऱ्याने स्पष्ट लिहायला पाहिजे, पण लिहीत नाहीत.

शब्दखोर | रविवार, सकाळी ९.४०

लिहिणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही. ‘दोन कप चिरलेली स्ट्रॉबेरी’ आणि ‘दोन कप स्ट्रॉबेरी, चिरून’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत चिरून मग कप भरायचा, दुसरीत कप भरून मग चिरायचं. वरच्या आकड्यांनी बघा : पहिलीत ३३२ ग्रॅम, दुसरीत २८८. ४४ ग्रॅमचा फरक एका स्वल्पविरामात दडलेला आहे.

इंग्रजीत कृती लिहिणारे चांगले लेखक हा स्वल्पविराम कटाक्षाने पाळतात. आपल्याकडे अनुवाद करताना तो पहिला गळतो आणि सगळ्याचं ‘चिरलेली दोन कप स्ट्रॉबेरी’ होतं.

अंदाजपंचे | रविवार, सकाळी ९.४८

स्वल्पविरामाने केक बिघडतो हे आज कळलं. मी तर विरामचिन्हंच वापरत नाही.

अर्धाकप | रविवार, दुपारी ४.१०

मंडळी, सगळं वाचून आज पुन्हा केला. साखरेचा दुसरा पुडा फोडला, देठ काढलेल्या अख्ख्या स्ट्रॉबेरी साडेतीन कप घेतल्या, शीग न लावता. २० मिनिटं घड्याळ लावून.

कालच्यापेक्षा बरा आहे, चमचा तरी निघतो. पण अजूनही फार गोड आणि घट्ट आहे, कडेने कणी धरायला लागलीय. आता काय चुकलं? शीगभरताईंचे आकडे चुकीचे म्हणवत नाहीत.

शीगभर | रविवार, दुपारी ४.२२

आकडे बरोबर आहेत गं. स्ट्रॉबेरी किती मोठ्या होत्या? आणि कप कसला आहे?

रिकामी_जागा | रविवार, दुपारी ४.३५

स्ट्रॉबेरी मोठ्या असतील तर थोडा फरक पडेल. ‘भांडं पुरेसं मोठं हवं’ म्हणालो होतो ते याचसाठी. भांड्याच्या कडेशी गोळे नीट बसत नाहीत, तिथे फटी जास्त राहतात. लहान कपात मोठ्या स्ट्रॉबेरी भरल्या तर जवळजवळ सगळा कप ‘कडेशी’च असतो. एकेक कप भरण्यापेक्षा मोठ्या मापाच्या भांड्यात एकदम मोजणं जास्त भरवशाचं.

पण याने एवढा फरक पडणार नाही. शीगभरताईंचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

अर्धाकप | रविवार, दुपारी ४.४१

कप साधाच आहे. प्लॅस्टिकचा, मापाचा. भात शिजवायच्या कुकरबरोबर आला होता.

तागडी | रविवार, दुपारी ४.४२

अरे देवा.

शीगभर | रविवार, दुपारी ४.५०

सापडला चोर! तो कप १८० मिलीचा असतो, तांदूळ मोजायचं जपानी माप आहे ते. खात्री करून घे : पाण्याची एक लिटरची बंद बाटली असेल तर त्या कपाने रिकामी कर. किती कप होतात ते सांग.

अर्धाकप | रविवार, संध्याकाळी ५.०५

साडेपाच कप आणि तळाशी थोडंसं उरलं.

शीगभर | रविवार, संध्याकाळी ५.१८

मग १८० च. बाकीच्यांसाठीही लिहिते, कारण ‘कप’ या एका शब्दाच्या आड पूर्ण गोतावळा आहे. अमेरिकन कप २३७ मिली, पण तिथल्याच डब्यांवरच्या पोषणाच्या माहितीत तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियाकडच्या कृतींत २५०. जपानी स्वयंपाकाचा २००, आणि तांदळाचा तेवढा १८०. जुन्या ब्रिटिश पुस्तकांतला २८४. मोठा चमचासुद्धा बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा, पण ऑस्ट्रेलियात २० चा. चहाचा कप आणि घरातली वाटी तर कुठल्याच हिशोबात नाहीत, त्या पाण्याने मोजल्याशिवाय वापरायच्याच नाहीत.

एरवी सगळं एकाच कपाने मोजलं तर कप कुठलाही असला तरी प्रमाण जुळतं. तुझं तसं झालं नाही, कारण साखर पुड्याच्या वजनाने आणि फळ कपाने. दोन वेगळ्या मापांची गाठ पडली की कप नक्की केवढा हे बघावंच लागतं.

रिकामी_जागा | रविवार, संध्याकाळी ६.००

आता दोन्ही जॅमचं शवविच्छेदन करता येईल.

१८० मिलीच्या कपात अख्ख्या स्ट्रॉबेरी साधारण ११० ग्रॅम. पहिल्या वेळी दोन कप आणि शीग, म्हणजे फार तर २५० ग्रॅम फळ आणि ५०० ग्रॅम साखर. जॅम जमतो तेव्हा त्यात साधारण ६५ टक्के साखर असते. तुमच्या पातेल्यात गॅस पेटवायच्या आधीच हे प्रमाण ६५ च्या पुढे होतं! एक थेंबही आटवायची गरज नव्हती आणि तुम्ही २० मिनिटं आटवलंत. तो जॅम नव्हता, गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्याची पहिली पायरी होती.

दुसऱ्या वेळी साडेतीन कप, म्हणजे ३८५ ग्रॅमच्या आसपास. स्ट्रॉबेरीची स्वतःची साखर पाचेक टक्के धरली तर ६५ टक्क्यांवर यायला तुम्हाला ८०-९० ग्रॅम पाणी उडवायचं होतं. कृतीप्रमाणे ५०० ग्रॅम फळ असतं तर २०० ग्रॅम उडवावं लागलं असतं आणि २० मिनिटं त्यासाठी दिलेली आहेत. घड्याळ बरोबर होतं, पातेल्यातला माल कमी होता.

शीगभर | रविवार, संध्याकाळी ६.१२

म्हणून जॅम घड्याळावर सोडू नये. थर्मामीटर असेल तर १०४-१०५ अंश सेल्सिअसला उतरवायचा. नसेल तर फ्रीजरमधल्या गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलायचा, सुरकुती पडली की झाला. (समुद्रसपाटीपासून खूप उंचावर असाल तर पाणीच आधी उकळतं, तिथे हा आकडा खाली येतो, बशीच बरी.)

गोठलेले_हात | रविवार, रात्री ८.२०

या सगळ्यात फ्रोजन फळं कुठे बसतात? माझ्याकडे फ्रोजन स्ट्रॉबेरीचं पाकीट आहे आणि कृतीत ‘२ कप’ म्हटलंय.

शीगभर | रविवार, रात्री ८.३५

गोठलेल्या असतानाच मोज. दगडासारख्या गोठलेल्या स्ट्रॉबेरीचा कप १४९ ग्रॅम, ताज्याच्या जवळपास. त्याच वितळू दिल्यास तर २२१! बर्फाने पेशी फाटतात, रस सुटतो, फळं लोळागोळा होऊन फटी बुजतात. कृतीत ‘वितळवून’ असं स्पष्ट म्हटलं असेल तरच वितळवून मोज, आणि सुटलेला रस त्यातच धर, फेकू नकोस.

बेदाण्यांचंही थोडं तसंच, हलके भरले तर १४५, दाबून भरले तर १६५. पण बेदाण्यांच्या २० ग्रॅमने काही बिघडत नाही.

हौशी_आर्किमिडीज | रविवार, रात्री ९.१५

एवढी उठाठेव कशाला? खुणा केलेल्या जगात अर्धं पाणी घ्या, त्यात फळ टाका, पातळी जेवढी चढली तेवढं फळाचं आकारमान. शाळेतला प्रयोग.

शीगभर | रविवार, रात्री ९.२४

पण ते फळाचं आकारमान झालं, कपाचं माप नाही. कृती लिहिणारीच्या कपात फटीही मोजलेल्या आहेत. पाण्याने फटी भरून निघतात. तुमच्या पद्धतीने ‘एक कप’ ब्लूबेरी घेतल्या तर दीड कपाहून जास्त भरतील. शिवाय सफरचंद तरंगणार, ते बोटाने दाबून धरणार का?

रिकामी_जागा | रविवार, रात्री ९.५०

ताई, कपासाठी तुमचं बरोबर. पण इथे हवंय ते वजन, आणि त्यासाठी ही युक्ती नामी आहे. त्यातही सफरचंद तरंगतं हेच आपल्या पथ्यावर पडतं. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते. म्हणजे सफरचंद दाबायचं नाही, नुसतं तरंगत ठेवायचं. पातळी जितके मिली चढली तितके त्याचे ग्रॅम. घनता वगैरे काही लागत नाही.

बुडणारी किंवा ओली करायची नसलेली फळं असतील तर एक हलका वाडगा पाण्यावर तरंगत सोडायचा, पातळी बघून ठेवायची आणि फळं वाडग्यात ठेवायची. वाढलेले मिली म्हणजे ग्रॅम. वाडगा जगाच्या कडेला टेकता कामा नये, एवढंच पथ्य.

हौशी_आर्किमिडीज | रविवार, रात्री ९.५३

युरेका! (कपडे घालूनच.)

अर्धाकप | रविवार, रात्री १०.१०

कल्पना फारच आवडली, पण माझा खुणांचा जग अर्ध्या लिटरचा आहे. त्यात वाडगा आणि अर्धा किलो स्ट्रॉबेरी? पूर येईल.

तागडी | रविवार, रात्री १०.३०

इतका वेळ गप्प बसलो होतो. काटा घ्यायचा नाही म्हणता ना, मग काटा करा.

कपड्यांचा ताठ हँगर घ्या, ज्याच्या दोन्ही टोकांना खाच असते तो. आकडा मोकळा झुलेल असा खिळ्याला अडकवा. दोन्ही खाचांत एकसारख्या दोन पिशव्या. रिकाम्या असताना हँगर आडवा राहतो का बघा, नसेल तर वरच्या बाजूला कागद-चिठोरं टाकून सरळ करा. आता एका पिशवीत साखरेचा न फोडलेला अर्धा किलोचा पुडा आणि दुसरीत स्ट्रॉबेरी, हँगर आडवा होईपर्यंत. मग दोन्ही पिशव्यांतला माल इकडचा तिकडे करून बघा. तरीही आडवा राहिला तर तुमचा तराजू खरा.

तुमच्या कृतीत फळ आणि साखर समसमान आहेत, त्यामुळे तुम्हाला ग्रॅम कळायचीही गरज नाही. आणि वेगळं वजन हवं असेल तर पाणी आहेच, २०० मिली पाणी म्हणजे २०० ग्रॅमचं वजन.

अंदाजपंचे | रविवार, रात्री १०.३४

काका, तुमच्याबद्दलचं मत बदललं. दंडवत.

पिकलंकेळं | सोमवार, सकाळी ७.४०

ब्रेड जमला. चार केळी आणि पाचव्याचा तुकडा लागला, कुस्करून बरोबर दीड कप. उरलेला तुकडा खाल्ला.

अर्धाकप | मंगळवार, रात्री ८.५५

अहवाल सादर करते.

दाराच्या कडीला हँगर, एका बाजूला पुडा, दुसऱ्या बाजूला स्ट्रॉबेरी. घरातले येता-जाता बघत होते, कुणी काही विचारलं नाही. हँगर आडवा झाल्यावर त्याच स्ट्रॉबेरी माझ्या कुकरच्या कपाने मोजल्या. साडेचार कप आणि वर तीन स्ट्रॉबेरी. रिकामी_जागा यांच्या हिशोबाने ५०० भागिले ११० म्हणजे साडेचारच्या किंचित वर, ते असं समोर आलेलं बघून मला फारच मजा वाटली.

पातेलं उकळायला लागलं तेव्हाच कळलं की या वेळी निराळं आहे. आधीच्या दोन्ही वेळी पाक होता, आज रस होता. २० मिनिटांनी बशीवर थेंब टाकला, ओघळला. २३ व्या मिनिटाला सुरकुती पडली.

कपाच्या तळाला परमनंट मार्करने ‘१८०’ लिहून ठेवलंय. वहीत पहिली ओळ : ‘स्ट्रॉबेरी, अख्खी, देठ काढून, १ कुकरकप = ११० ग्रॅम.’ पुढची ओळ ब्लूबेरीसाठी रिकामी सोडली आहे.

शीगभर | मंगळवार, रात्री ९.०२

शाब्बास. दगडाच्या बरणीचं काय केलंस?

अर्धाकप | मंगळवार, रात्री ९.१०

ती गरम पाण्यात ठेवलीय, सैल झाली की आणखी अडीचशे ग्रॅम स्ट्रॉबेरीबरोबर परत पातेल्यात घालीन म्हणते. चालेल ना?

रिकामी_जागा | मंगळवार, रात्री ९.१४

साखर ५०० आहेच, फळ अडीचशे अधिक अडीचशे. हिशोबाने बसतंय. फक्त पहिल्या अडीचशेतलं पाणी आधीच उडालेलं आहे, तेव्हा या वेळी २० मिनिटं लागणार नाहीत. दहाव्या मिनिटापासून बशी हाताशी ठेवा.

तागडी | मंगळवार, रात्री ९.२०

आणि ते अडीचशे हँगरवरच मोजा. पाण्याची पिशवी गळत नाही ना, तेवढं आधी बघा.